हंगामी मॅनेजरला पर्मनंट करायचं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर येतो, संघ हरत सुटतो, मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) नारळ मिळतो आणि सहायकांपैकी कुणीतरी किंवा क्लबचा एखादा जुना खेळाडू 'पुढची व्यवस्था होईपर्यंत' बाकावर येऊन बसतो. पुढचे चार-पाच सामने तो जिंकतो. मग लोअर परळच्या स्क्रीनिंगपासून डोंबिवलीच्या टर्फपर्यंत एकच वाद पेटतो: याला पर्मनंट करायचं की नाही? एक गट म्हणतो, निकाल बोलतायत, अजून काय पाहिजे? दुसरा म्हणतो, थांबा, आधी एकदा हरू दे, मग बघू. आपल्याकडे प्रभारी मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत प्रभारीच राहतात आणि त्याची बातमीही होत नाही. फुटबॉलमध्ये मात्र प्रभारी माणसाने तीन सामने जिंकले की त्याला खुर्ची न देणं म्हणजे अन्याय ठरतो.

क्लब हंगामी माणूस नेमतात त्यामागे हिशेब साधा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात चांगले मॅनेजर रिकामे नसतात. दुसऱ्या क्लबच्या करारात अडकलेला माणूस सोडवायचा तर भरपाई मोजावी लागते, शिवाय हाकललेल्या माणसाचं देणं बाकी असतंच. उन्हाळ्यात पर्याय वाढतात. तोवर गाडा ओढायला घरातला कुणीतरी हवा असतो. हा घरातला माणूस जिंकायला लागला की क्लबची पंचाईत होते.

मुंबईत या वादाचा चेहरा बहुतेक वेळा मँचेस्टर युनायटेडचा असतो. कारण उघड आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली तेव्हा युनायटेड जिंकत होतं आणि त्या वेळी शाळेत असलेली मुलं त्याच क्लबला चिकटली. ॲलेक्स फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाल्यानंतर या क्लबने रायन गिग्ज, ओले गुन्नार सोल्शायर, मायकेल कॅरिक, राल्फ रांगनिक, रूड व्हॅन निस्टलरॉय अशी तात्पुरत्या माणसांची रांगच लावली. गिग्जला चार सामने मिळाले, 2021 मध्ये कॅरिकला तीन. व्हॅन निस्टलरॉयने 2024 मध्ये चारपैकी तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि तरीही त्याला निरोप मिळाला. या रांगेतल्या एकाच माणसाच्या नावावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात, तो म्हणजे सोल्शायर.

डिसेंबर 2018 मध्ये जोझे मोरिन्योला काढलं आणि दुसऱ्या दिवशी सोल्शायर आला. 1999 च्या चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात भरपाई वेळेत गोल मारणारा हा माणूस, त्यामुळे भावनेचं भांडवल आधीच जमा होतं. त्याने पहिले आठ सामने ओळीने जिंकले. मग पॅरिस सेंट जर्मेंनं ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन 2-0 ने हरवलं आणि लोक जरा जमिनीवर आले. दोन सामन्यांच्या त्या लढतीतला परतीचा सामना 6 मार्च 2019 चा. मुंबईत तो गुरुवारी रात्री दीड वाजता सुरू झाला. पोग्बा निलंबित, निम्मा संघ जखमी. दुसऱ्याच मिनिटाला पॅरिसच्या केररचा बॅकपास चुकला आणि युनायटेडच्या लुकाकूने गोल केला. मग रॅशफोर्डचा लांबून मारलेला चेंडू गोलकीपर बुफॉनच्या हातून निसटला, पुन्हा लुकाकू. नव्वद मिनिटं संपली तरी एक गोल कमीच होता. तेवढ्यात दालोचा फटका पॅरिसच्या किंपेम्बेच्या हाताला लागला, व्हीएआरने (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांच्या मदतीने) पेनल्टी मिळाली आणि रॅशफोर्डने ती मारली. 3-1. दोन सामने मिळून 3-3, पण परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून युनायटेड पुढे. पहाटे साडेतीनच्या सुमारास अंधेरी-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तोंडावर उशी दाबून ओरडलेली पोरं आज तिशीत आहेत, पण त्या रात्रीचा विषय निघाला की अजून त्यांचा आवाज चढतो. घरच्या मैदानावर 2-0 ने हरून पुढची फेरी गाठणारा चॅम्पियन्स लीगमधला तो पहिलाच संघ होता.

त्याच रात्री युनायटेडचा माजी खेळाडू रिओ फर्डिनांड टीव्हीवर म्हणाला की सोल्शायरपुढे करार ठेवा आणि हवा तो आकडा त्यालाच लिहू द्या. तीन आठवड्यांनी, 28 मार्चला क्लबने तीन वर्षांचा करार दिला. तोवर 19 पैकी 14 विजय झाले होते. करारानंतर त्या हंगामातल्या दहा सामन्यांत विजय फक्त दोन, पराभव सहा. एव्हर्टनने 4-0 ने धुतलं, आणि शेवटच्या दिवशी आधीच खालच्या श्रेणीत घसरलेल्या कार्डिफने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन 2-0 ने हरवलं. संघ सहावा आला.

पॅरिसच्या त्या तीन गोलांकडे आता शांतपणे पाहिलं तर दोन प्रतिस्पर्ध्याने आंदण दिलेले होते आणि तिसरा पडद्यावर बघून मिळालेला. सामना थरारक होता यात वाद नाही, पण त्यावरून मॅनेजरची पारख करायची म्हणजे फारच झालं. अर्थात सोल्शायरला सरसकट नापास ठरवणंही अन्यायाचं आहे. 2020-21 मध्ये त्याच्या संघाने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि युरोपा लीगचा (युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचा) अंतिम सामना तो व्हिलारियालविरुद्ध पेनल्टीवर 11-10 असा हरला. नोव्हेंबर 2021 मध्ये वॉटफर्डने 4-1 ने हरवल्यावर त्याचा खेळ संपला. चूक झालीच असेल तर ती मार्चमध्ये घाई करण्याची. दोन महिने थांबलं असतं तर क्लबचं काय बिघडलं असतं? दुसरं कुणी त्याला पळवून नेणार नव्हतं.

या बाबतीत बोलायचा हक्क चेल्सीच्या चाहत्यांना जास्त आहे, कारण त्यांनी दोन्ही टोकं एकाच वर्षात पाहिली. मार्च 2012 मध्ये आंद्रे व्हिलास-बोआसला काढून रोबेर्तो दि मातेओला तात्पुरतं बसवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये नापोलीविरुद्ध पहिला सामना चेल्सी 3-1 ने हरून बसला होता, तिथून तो संघ बार्सिलोनाला बाहेर काढून म्युनिकच्या अंतिम फेरीत गेला आणि 19 मे रोजी बायर्नला त्यांच्याच मैदानावर पेनल्टीवर हरवून पहिल्यांदा युरोपचा विजेता झाला. त्याआधी एफए कपही आला होता. एवढं झाल्यावर खुर्ची नाकारणार कशी? जूनमध्ये दोन वर्षांचा करार झाला, नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसकडून 3-0 ने हरल्यावर दि मातेओ बाहेर. त्याच्या जागी आलेल्या राफा बेनितेझचं उलटं. त्याच्या पदाच्या नावातच 'हंगामी' होतं, लिव्हरपूलचा जुना माणूस म्हणून चेल्सीचे लोक त्याच्या विरोधात फलक घेऊन बसायचे, आणि या माणसाने युरोपा लीग जिंकून दिली. त्याला पर्मनंट करा असं कुणीही म्हटलं नाही. खुर्चीवर हक्क कुणाचा हे निकालांवर ठरतं असं चाहते छातीठोकपणे सांगतात, पण माणूस आपला असेल तरच.

हे नवं नाही. 1982 मध्ये ॲस्टन व्हिलाचा रॉन सॉन्डर्स हंगामाच्या मध्यावर राजीनामा देऊन गेला, सहायक टोनी बार्टनने सूत्रं घेतली आणि मे महिन्यात युरोपियन कप, म्हणजे तेव्हाची चॅम्पियन्स लीग, जिंकला. रेआल माद्रिदमध्ये व्हिसेंते देल बोस्के दोनदा काही सामन्यांपुरता येऊन गेला होता. 1999 मध्ये तिसऱ्यांदा आला तो राहिला, आणि दोन चॅम्पियन्स लीग देऊन गेला.

आता ती सुरुवातीची झळाळी. हंगामी माणूस आला की संघ अचानक का जिंकू लागतो? डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील याने 1986 ते 2004 मधल्या डच लीगच्या नोंदी तपासल्या होत्या. मॅनेजर बदलल्यावर निकाल सुधारतात हे दिसलंच. पण ज्या क्लबांची तशीच घसरण झाली आणि ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, तेही जवळपास तसेच सावरले. क्लब माणसाला काढतो तेच मुळी सगळं तळाला गेल्यावर, आणि तळावरून वाट वरच जाते. लेस्टरचं उदाहरण ताजं वाटावं असं आहे: फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरीच्या जागी क्रेग शेक्सपिअर आला, लीगमधले पहिले पाचही सामने जिंकला, जूनमध्ये पर्मनंट झाला आणि ऑक्टोबरात घरी गेला. माझ्या मते हंगामी काळातले विजय फार तर एवढं सिद्ध करतात की खेळाडू आधीच्या माणसाला विटले होते.

यावर दुसरा गट लगेच हान्सी फ्लिकचं नाव फेकतो, आणि ते नाव वजनदार आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रँकफर्टने बायर्नला 5-1 ने हरवलं, निको कोवाच गेला, सहायक फ्लिक आला. बायर्नने त्याला आधी काही सामने दिले, मग हंगाम संपेपर्यंतची मुदत दिली आणि पक्का करार केला तो एप्रिलमध्ये. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बार्सिलोनाचा 8-2 असा फडशा पाडून पुढे त्याने लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असा तिहेरी मुकुट पुरा केला. युनायटेड आणि बायर्नमधला फरक इथे नीट दिसतो. एकाने एका रात्रीच्या धुंदीत सही केली, दुसऱ्याने पाच महिने पारखून घेतलं.

बाकीची यशस्वी उदाहरणं बघितली तर ती बरीचशी देशांच्या संघांची आहेत. लिओनेल स्कालोनी ऑगस्ट 2018 मध्ये अर्जेंटिनाला तात्पुरता लाभला तेव्हा त्याने कुठलाही वरिष्ठ संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून सांभाळलेला नव्हता. याला वाहतूकही नियंत्रित करता येणार नाही, असं खुद्द मॅराडोना म्हणाला होता. पुढे कोपा अमेरिका, विश्वचषक, पुन्हा कोपा. 2022 च्या डिसेंबरात मुंबईत निळे-पांढरे पट्टे घालून रस्त्यावर नाचलेल्या किती जणांना हा माणूस प्रभारी म्हणून आला होता हे ठाऊक असेल! गॅरेथ साउथगेटला इंग्लंडने 2016 मध्ये चार सामन्यांपुरतं घेतलं, तो आठ वर्षं टिकला. आयव्हरी कोस्टने तर कमाल केली. 2024 च्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये यजमान असूनही साखळीत 4-0 ने हरल्यावर त्यांनी प्रशिक्षक काढला, फ्रान्सकडून एर्वे रेनार्ड उसना मागून पाहिला, तो मिळाला नाही म्हणून एमर्स फाएला पुढे केलं, आणि त्या फाएने कप जिंकला.

देशाच्या संघात हे जमतं याचं कारण मला वाटतं बाजार. तिथे खेळाडू विकत घ्यायचे नसतात, दहा महिने रोज त्याच तोंडांना सामोरं जायचं नसतं. क्लबमध्ये पर्मनंट होणं म्हणजे नावाजलेल्या खेळाडूला बाकावर बसवणं, एजंटांना तोंड देणं, तीन वर्षांनंतरचा संघ आज डोक्यात असणं. हंगामी माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही, त्यामुळे त्याची परीक्षाही होत नाही.

आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) या वादाला आणखी एक पदर आहे: विदेशी मुख्य प्रशिक्षक जातो, भारतीय सहायक गाडी स्टेशनात आणतो, पुढचा विदेशी येतो. क्लिफर्ड मिरांडांचा प्रवास बघा. 2020 च्या सुरुवातीला एफसी गोवाने सर्जिओ लोबेराला काढलं, मिरांडांनी उरलेले साखळी सामने सांभाळले आणि संघ गुणतक्त्यात पहिला आला. खुर्ची मिळाली हुआन फेरांडोला. 2023 मध्ये ओडिशाला त्यांनी हंगामी म्हणून सुपर कप जिंकून दिला. खुर्ची मिळाली लोबेरालाच, जो मधल्या काळात आपल्या मुंबई सिटीला एकाच हंगामात शील्ड (साखळीत पहिला आल्याची) आणि करंडक (बाद फेरीचा) दोन्ही जिंकून देऊन गेला होता. त्यानंतर मिरांडा मोहन बागानमध्ये सहायक म्हणून गेले, तर तिथे मुख्य कोण? फेरांडो. कुणी गोष्ट रचली असती तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

मुंबई सिटीत मात्र हा वाद कधी रंगलाच नाही. 2023 च्या नोव्हेंबरात डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेला, सहायकाने थोडे दिवस संघ सांभाळला आणि सिटी ग्रुपच्या (मँचेस्टर सिटीच्या आणि तेव्हा मुंबई सिटीच्याही मालकांच्या) मेलबर्नच्या क्लबमधून पेत्र क्रात्की आला. मे महिन्यात कोलकात्यात जाऊन त्याने करंडक जिंकला. ज्या मालकाकडे माणसांचं कोठार आहे त्याला हंगामीची गरज जेमतेम महिनाभर लागते.

मुंबईशी खरं नातं सांगणारा हंगामी माणूस वेगळा आहे: खालिद जमील. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले, मग 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसी या (मुंबई सिटीहून वेगळ्या) क्लबचे प्रशिक्षक. तुटपुंज्या पैशात त्यांनी तो संघ आय-लीगमध्ये (तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये) टिकवून धरला. कूपरेजच्या गॅलरीत बसणारे लोक त्यांच्या बचावात्मक खेळाला नावं ठेवायचे, यायचे मात्र नेमाने. 2016 मध्ये ते मुंबईतून आयझॉलला गेले आणि पहिल्याच हंगामात त्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि पुढे बंदच पडला.

जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नुसला काढलं तेव्हा संघाचे 11 सामन्यांत दोनच विजय होते. सहायक असलेल्या जमील यांच्याकडे सूत्रं आली. उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत सहा विजय, तीन बरोबरी, पराभव एकही नाही. संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या हंगामाआधी क्लबने त्यांना कायम केलं आणि आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपदी कायम नेमले गेलेले ते पहिले भारतीय ठरले. त्या हंगामात नॉर्थईस्ट अकरा संघांत दहावा आला. 'बघा, सांगितलं होतं' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. पण जमील यांनी पुढे जमशेदपूरला सावरलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, या वेळी हंगामी म्हणून नव्हे. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळाला. ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून 2-1 ने हरून आशियाई चषकाची वाट बंद झाली, आणि प्रशिक्षक देशी हवा की विदेशी यावर कूपरेजच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर पुन्हा घमासान सुरू झालं.