ब्रेड मऊ म्हणजे तेल जास्त?

सांगलीत बेकरीसमोर हमखास ऐकू येतं: "बाहेरच्या ब्रेडात तेल ओततात, म्हणून तो मऊ राहतो. घरचाच बरा." तेलाच्या बाबतीत बऱ्याचदा उलटंच असतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. तेल मैद्याच्या बरंच खाली सापडेल. साध्या ब्रेडात ते मैद्याच्या साधारण २-३ टक्के. घरी आपण अर्धा किलो मैद्याला तीन मोठे चमचे लोणी सहज घालतो, वर पुन्हा ब्रशने फासतो ते वेगळंच! मऊपणा टिकवायला तेलाबरोबर इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक) असतात, पाकिटावर ते ४७१, ४८१ अशा क्रमांकांनी दिसतात. कॅल्शियम प्रोपिओनेट (२८२) फक्त बुरशी रोखतं. पोटॅशियम ब्रोमेट या पिठात घालायच्या रसायनाची भीती मात्र रास्त होती, त्याचा कर्करोगाशी संबंध जोडला गेला होता. त्यावर भारतात २०१६ मध्ये बंदी आली. सुट्या लादीपावावर छापील यादी नसते, तिथे बेकरीवाल्यालाच विचारावं.