फाइल मोठी, आकडा छोटा

डिस्कवर जागा भरपूर, तरी रात्री लावलेला बॅकअप दोन गिगाबाइटला येऊन थांबलेला. १९९०च्या दशकात युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली असलेले सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला हे वारंवार यायचं. दोष डिस्कचा नसायचा. फाइलमध्ये आपण कितव्या बाइटवर आहोत हे प्रणाली एका आकड्यात लक्षात ठेवते आणि तो आकडा ३२ बिटांचा होता. ३२ बिटांत खरं तर चार गिगाबाइटपर्यंत मोजता येतं. पण फाइलमध्ये मागे सरकायचं तर ऋण संख्या लागते, शिवाय काही चुकलं की उणे एक परत द्यायची युनिक्सची रीत आहे. एक बिट चिन्हात गेला आणि कमाल आकडा उरला २,१४,७४,८३,६४७. वहीच्या पानांना क्रमांक द्यायला दोनच घरं ठेवली, तर वही कितीही जाड असो, ९९च्या पुढचं पान सांगता येणार नाही.

युनिक्सवर ही वेळ पहिल्यांदा आलेली नव्हती. १९७५ची सहावी आवृत्ती पीडीपी-११ या १६ बिटी यंत्रावर चालायची. तिथे फाइलचा आकार २४ बिटांत नोंदला जाई, म्हणजे कमाल १६ मेगाबाइट. पण फाइलमधली जागा बदलणारा 'सीक' एका वेळी १६ बिटांचाच आकडा घेई, आणि त्यात ६४ किलोबाइटच्या पलीकडे पोचता येत नाही. यावर काढलेली तोड मला फार सुंदर वाटते. अंतर कुठून मोजायचं हे सांगणारी जी खूण सीकला सोबत द्यायची, ती ०, १, २ ऐवजी ३, ४ किंवा ५ दिली की आकडा ५१२ने गुणला जाई. आधी ५१२ बाइटांच्या ब्लॉकने लांब उडी मारायची, मग उरलेलं अंतर बाइटांत कापायचं. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ३२ बिटी आकडा घेणारा 'एलसीक' आला आणि ही कसरत संपली.

दोन गिगाबाइटच्या भिंतीवरचा उपाय मात्र वेगळ्या दिशेने आला: मोठी फाइल तयारच होऊ द्यायची नाही. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग्लस मॅकइलरॉय यांनी आग्रह धरलेली आणि केन थॉम्पसन यांनी १९७३मध्ये प्रत्यक्षात आणलेली पाइप, म्हणजे एका प्रोग्राममधून निघालेली माहिती थेट दुसऱ्याला देणारी नळी, इथे कामी आली. पाइपमधून माहिती फक्त वाहते. तिच्यात मागे-पुढे जाता येत नाही, त्यामुळे 'कितवा बाइट' हा आकडाच तिला लागत नाही, आणि आकडा नाही म्हणून मर्यादाही नाही. मग 'टार' या प्रोग्रामने फोल्डरचं एकच गाठोडं बांधायचं, ते पाइपमधून आकार दाबून लहान करणाऱ्या 'जीझिप'कडे द्यायचं आणि पुढे 'स्प्लिट'ने एकेक गिगाबाइटचे तुकडे पाडायचे. स्प्लिट तुकड्यांच्या नावांना एए, एबी, एसी अशी शेपटं लावतो. आज्ञा वाचून चालवणारा 'शेल' नावं वर्णानुक्रमे मांडतो, म्हणून परत जोडताना फाइली एकापाठोपाठ जोडणाऱ्या 'कॅट'ला शेपटाच्या जागी तारा (*) असलेलं नाव दिलं तरी तुकडे योग्य क्रमानेच येतात.

काही प्रोग्राम पाइपमध्ये लिहायला तयार नसत, त्यांना फाइलचं नावच हवं असे. ओरॅकल या डेटाबेसमधली माहिती बाहेर काढणारा 'एक्स्पोर्ट' हे नेहमीचं उदाहरण. त्याच्यासाठी नाव असलेली पाइप बनवत. दिसायला ती फाइल, पण एका बाजूने एक्स्पोर्ट लिहितो आणि दुसऱ्या बाजूने जीझिप वाचत राहतो. साखळी लावून तुकडे पाडण्याच्या या पद्धतीत धोका आहे, आणि तो गंभीर आहे. मधला एक तुकडा हरवला तर त्याच्या पुढचं जवळजवळ सगळं गेलं. शिवाय साखळीतला पहिला प्रोग्राम अर्ध्यात पडला तरी शेल साधारणपणे शेवटच्याचाच निकाल सांगतो. म्हणून प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज (तुकडा बदलला की बदलणारा आकडा) 'सीकेसम'ने काढून ठेवणं आणि एकदा खरोखर परत जोडून पाहणं अत्यावश्यक होतं.

कायमचा तोडगा संगणक कंपन्यांच्या 'लार्ज फाइल समिट' या एकत्रित प्रयत्नातून निघाला. १९९६च्या त्या आराखड्याने आकडा ६४ बिटांचा केला. १९९७मध्ये सोलारिस २.६ या युनिक्सने आणि २००१मध्ये लिनक्स २.४ने तो अंगीकारला. त्यातला एक निर्णय फार जबाबदारीचा होता: जुन्या प्रोग्रामने मोठी फाइल उघडू पाहिली, तर चुकीच्या जागी लिहू देण्यापेक्षा सरळ नकार द्यायचा. जुने प्रोग्राम मात्र नव्याने कंपाइल करावे, म्हणजे मूळ मजकुरापासून यंत्राच्या भाषेत पुन्हा तयार करावे लागले. ३२ बिटी लिनक्सवर आजही बऱ्याचदा कंपाइल करताना फाइलचा आकडा ६४ बिटांचा हवा असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर तयार झालेला प्रोग्राम दोन गिगाबाइटलाच अडतो.