ग्राफिक्स लायब्ररीचे पॅकेजिंग, छोट्या संगणकांसाठी

मुक्तस्रोत ग्राफिक्स लायब्ररीचा, म्हणजे पडद्यावर चित्रे काढणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचाचा, सोर्स कोड ठरावीक छोट्या संगणकासाठी कंपाइल करणे (त्याच्या प्रोसेसरला कळेल अशा रूपात आणणे), तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्यांची नोंद करणे आणि हे सारे एका फाइलीत बांधून देणे, याला पॅकेजिंग म्हणतात. ही फाइल हाती असली की लायब्ररी एका कमांडने बसवता येते, तितक्याच सहज काढता येते आणि पुढच्या आवृत्तीवर नेता येते. छोटा संगणक म्हणजे येथे मुख्यतः रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा स्वस्त संगणक. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन या लिनक्स प्रकारावर बेतलेली असल्यामुळे पॅकेजही डेबियनच्याच पद्धतीचे, म्हणजे 'डेब' फाइलीच्या रूपात असते.

विदर्भातल्या माणसाला ही कल्पना जिनिंगवरून चटकन कळते. शेतातला कापूस तसाच सूतगिरणीत जात नाही. आधी सरकी आणि रुई वेगळी होते, मग रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. पॅकेजिंगमध्येही अशीच वाटणी करतात. तयार प्रोग्राम चालवणाऱ्याला फक्त कंपाइल झालेली लायब्ररी मिळते, तर प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या हेडर फाइलींचे वेगळे 'डेव्ह' पॅकेज असते. ज्या मुलाला नुसता खेळ चालवायचा आहे, त्याच्या मेमरी कार्डावर हेडरचे ओझे कशाला?

या नोंदीत उदाहरणादाखल रेलिब ही लायब्ररी घेतली आहे. रॅमोन सांतामारिया यांनी २०१३ साली ती सी भाषेत लिहायला घेतली. बोर्लंड कंपनीची जुनी बीजीआय ही ग्राफिक्स लायब्ररी हे तिच्या प्रेरणांपैकी एक. अमरावती-यवतमाळकडच्या कॉलेजांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी ग्राफिक्स सुरू करणारे 'इनिटग्राफ' लिहिले, बीजीआय फोल्डरचा पत्ता दहादा चुकवला आणि अखेर पडद्यावर एक वर्तुळ उमटलेले पाहिले, त्यांना रेलिबचा कोड ओळखीचा वाटतो. खिडकी उघडणे, रंग भरणे, वर्तुळ काढणे, प्रत्येकाला एकेक सरळ फंक्शन. म्हणूनच गावच्या शाळेसाठी ती योग्य आहे.

प्रोसेसरची जात

सर्वांत जास्त पॅकेजे फसतात ती इथेच. २०१२ चा पहिला रास्पबेरी पाय आणि २०१५ चा पाय झिरो यांचे प्रोसेसर एआरएम-व्ही ६ जातीचे, तर २०१५ चा पाय २ एआरएम-व्ही ७ जातीचा. डेबियनमध्ये 'एआरएमएचएफ' असे लेबल लावलेले पॅकेज व्ही ७ साठी असते. रास्पबेरी पायच्या ३२ बिटी सिस्टिममध्ये लेबल तेच, पण आतला कोड व्ही ६ चा. व्ही ७ च्या काही सूचना व्ही ६ ला कळत नाहीत. त्यामुळे डेबियनवर बांधलेले पॅकेज पाय झिरोवर विनातक्रार बसते आणि प्रोग्राम सुरू करताच 'इलिगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोन शब्द दाखवून बंद पडते.

घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत प्रस्तुत लेखकाने हे प्रत्यक्ष पाहिले. पॅकेज लेखकानेच बांधलेले होते. पाच संगणकांपैकी तीन पाय ३, ते सुरळीत चालले. उरलेल्या दोन झिरोंपुढे बसलेली मुलगी म्हणाली, "सर, हे उघडूनच नाई रायलं." तिने तीनदा कमांड दिली होती आणि आपलेच काही चुकले असेल म्हणून स्पेलिंग पुन्हा तपासत होती. चूक तिची नव्हती, बांधणाऱ्याची होती. ज्याच्याकडे सर्वांत जुना आणि स्वस्त बोर्ड आहे, पहिली चाचणी त्याच्यासाठी व्हायला हवी.

कंपाइलरला प्रोसेसरची जात सांगणाऱ्या 'मार्च' पर्यायातून व्ही ६ सांगितले की भागेल, असे पुष्कळांना वाटते. ते पुरत नाही. डेबियनच्या क्रॉस कंपाइलरसोबत (एका संगणकावर दुसऱ्यासाठी कंपाइल करणारा) येणाऱ्या, प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फाइली आणि लिबजीसीसी ही कंपाइलरची लायब्ररी व्ही ७ साठीच कंपाइल केलेल्या असतात आणि त्या गुपचूप प्रोग्रामला जोडल्या जातात. खात्रीचा मार्ग म्हणजे रास्पबेरी पाय ओएसच्याच वातावरणात बांधणे, मग ते खऱ्या बोर्डावर असो वा बोर्डाची नक्कल करणाऱ्या क्यूएमू या प्रोग्राममध्ये. नंतर 'रीडएल्फ' या साधनाला '-A' हा पर्याय देऊन तयार फाइल तपासावी. प्रोसेसरच्या ओळीत व्ही ७ दिसले तर ते पॅकेज झिरोसाठी वाटू नये.

ग्राफिक्सची बाजू

पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवरची व्हिडिओकोअर ४ ही चिप ओपनजीएल ईएस २.० (ग्राफिक्स चिपला काम सांगण्याची छोट्या यंत्रांसाठीची पद्धत) जाणते. रेलिब मात्र काही न सांगता बांधली तर डेस्कटॉपचे ओपनजीएल ३.३ मागते. म्हणून बांधतानाच ईएस २ निवडावे लागते. शिवाय डेस्कटॉप न उघडता थेट पडद्यावर चित्र काढणारा डीआरएम प्रकारही रेलिबमध्ये आहे. ५१२ एमबी रॅमच्या झिरोवर तो फार उपयोगी, कारण डेस्कटॉपला लागणारी मेमरी प्रोग्रामला मिळते. या दोन्ही प्रकारांत लायब्ररीचे नाव एकच राहत असल्याने दोन पॅकेजे करून एकमेकांशी 'कॉन्फ्लिक्ट', म्हणजे दोन्ही एकत्र बसू नयेत असे, नोंदवणे बरे.

कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात, हे डेबियनचे 'शलिबडेप्स' हे साधन स्वतः शोधते, पण फक्त लिंक केलेल्या. डेस्कटॉप प्रकारात रेलिबच्या पोटात असलेली, खिडकी उघडणारी जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी एक्स ११ या लिनक्सच्या खिडकी-व्यवस्थेच्या बऱ्याच लायब्रऱ्या प्रोग्राम सुरू झाल्यावर उघडते, त्यामुळे त्या या साधनाला दिसत नाहीत. बांधणाऱ्याच्या संगणकावर त्या आधीच असतात, म्हणून सगळे ठीक वाटते, आणि कोऱ्या कार्डावर अडते. त्या हातानेच पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या 'कंट्रोल' फाइलीत लिहाव्या लागतात.

आवृत्तीचा अंकही जपावा लागतो. रेलिब ५.० च्या लायब्ररी फाइलीला ५०० आणि ५.५ च्या फाइलीला ५५० हा क्रमांक असतो. फंक्शने बदलली की जुना प्रोग्राम नव्या फाइलीवर चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून क्रमांक बदलतो.

वीज, ऊन आणि नेट

विदर्भाच्या खेड्यात पॅकेज बसवताना मध्येच वीज जाणे ही रोजची गोष्ट. अर्धवट राहिलेली बसवणी डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला 'कॉन्फिगर'चा पर्याय देऊन पुरी करता येते. पण बसवताना चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली तरी काही बिघडू नये, अशी लिहिलेली हवी. डेबियनच्या धोरणातच हा नियम आहे आणि लोडशेडिंगच्या गावी त्याची किंमत कळते. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल वापरली तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ च्या खाली गेल्याची ती खूण. ती दिसत असताना काही बसवू नये.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीत कंपाइल करणेही अवघड. ८० अंशांजवळ प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. कंपाइल पहाटे करावे, आणि तेही एकाच बोर्डावर. बाकीच्यांना तयार पॅकेज द्यावे. तीस संगणकांनी तीसदा तेच काम करू नये, यासाठीच तर पॅकेजिंग आहे.

जिथे नेट धड नाही, तिथे पॅकेज पेन ड्राइव्हवरून जाते. एकटी डेब फाइल नेली तर तिच्या अवलंबित लायब्रऱ्या मागे राहतात, म्हणून सगळ्या फाइली एका फोल्डरात घालून 'स्कॅनपॅकेजेस'ने यादी करतात. तो फोल्डर पॅकेजे शोधून आणणाऱ्या ॲप्ट या साधनासाठी घरचेच भांडार ठरतो. येथे एक अडचण हमखास येते. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. नेट नसेल तर संगणकाची तारीख मागे राहते, आणि भांडारावर सही केलेली असेल तर 'ही फाइल अजून वैध नाही' असे म्हणून ॲप्ट ते नाकारते. आधी हाताने तारीख लावावी.

परवाना

रेलिबचा झेडलिब परवाना सोपा आहे. वाटा, बदला, विका. फक्त मूळ काम आपले म्हणू नका, बदल केला असेल तर तसे सांगा आणि सोर्समधून परवान्याची सूचना काढू नका. परंतु रेलिबच्या आत एसटीबी, मिनिऑडिओ अशा दुसऱ्यांच्याही लायब्रऱ्या आहेत. 'कॉपीराइट' फाइलीत प्रत्येकीची नोंद करावी. ज्यांनी फुकट दिले त्यांचे नाव राखणे एवढेच त्यांचे मागणे असते.

देवनागरी

रेलिबच्या मूळ फाँटात देवनागरी अक्षरे नाहीत, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून 'फाँट्स-लोहित-देवा' हे पॅकेज शिफारस म्हणून जोडून द्यावे. तेवढ्याने काम संपत नाही. रेलिब एकेक अक्षरचिन्ह क्रमाने काढते, जोडाक्षरे आणि मात्रांची मांडणी करणारे हार्फबझ तिच्यात नाही. बुलढाणा जिल्ह्यासाठीच्या चाचणीत लोणारच्या विवराचे वर्तुळ आणि खाली 'लोणार' हा शब्द काढला, तर सारे नीट दिसते, कारण या शब्दात ऱ्हस्व वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. 'विदर्भ' लिहिले की उणीव उघडी पडते. वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते आणि 'भ'वरचा रफार सुटून पाय मोडलेला 'र' वेगळा उभा राहतो. एसडीएल-टीटीएफ ही लायब्ररी हार्फबझसह बांधता येते, म्हणून मराठी मजकूर जास्त असलेल्या प्रोग्रामांसाठी तीच घ्यावी. रेलिबच्या पॅकेजचे वर्णन लिहिताना ही मर्यादा पहिल्याच परिच्छेदात मराठीत नोंदवावी, आणि चाचणीचा शब्द 'विदर्भ' ठेवावा.