त्राकाय

त्राकाय : लिथुएनियातील सरोवराकाठचे ऐतिहासिक शहर. राजधानी व्हिल्नियसच्या पश्चिमेस सुमारे २८ किमी. अंतरावर, चहूबाजूंनी सरोवरांनी वेढलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर ते वसले आहे. त्यांपैकी उत्तरेकडील गाल्वे सरोवर सर्वांत प्रसिद्ध असून त्यात २१ बेटे आहेत. त्यांतील एका बेटावरचा लाल विटांचा मध्ययुगीन किल्ला ही शहराची ओळख आहे.

चौदाव्या शतकात केस्तुतिस या राज्यकर्त्याने आधी भूशिरावर आणि नंतर बेटावर किल्ला उभारण्यास सुरुवात केली. बेटावरचे काम त्याचा मुलगा व्हिताउतास याच्या कारकिर्दीत, १४०९ च्या सुमारास पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड व लिथुएनियाच्या फौजांनी ट्यूटॉनिक सरदारसंघाचा (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा) पराभव केला आणि ज्या शत्रूसाठी ही तटबंदी घातली होती, त्याचे भय सरले. त्यामुळे किल्ला लढण्यापेक्षा राहण्याच्याच अधिक उपयोगी पडला. परदेशी राजदूतांचे स्वागत येथे होई. व्हिताउतासचा मृत्यूही १४३० मध्ये त्राकाय येथेच झाला. नंतर काही काळ किल्ल्याचा तुरुंग म्हणून वापर झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्यास मॉस्कोच्या सैन्याशी झालेल्या युद्धात त्याची पडझड झाली.

आज दिसणाऱ्या वास्तूचा बराच भाग विसाव्या शतकातील पुनर्बांधणीचा आहे, हे पाहुण्याने आधीच जाणून घेतलेले बरे. दोन महायुद्धांच्या दरम्यान, त्राकाय पोलंडच्या ताब्यात असताना, अवशेषांच्या जतनाचे काम झाले होते. पण मोठी पुनर्बांधणी सोव्हिएत काळात, १९५० च्या दशकात सुरू झाली. १९६० च्या अखेरीस सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी भाषणात या कामावर सरंजामी भूतकाळाचा गौरव होत असल्याची टीका केली, तरीही ते पुरते थांबले नाही, आणि १९६२ पासून किल्ल्यात इतिहास संग्रहालय आहे. पारतंत्र्यात असलेल्या लोकांनी आपल्या जुन्या राज्याची खूण अशी पुन्हा उभी केली, म्हणून हे नवे बांधकामही इतिहासाचाच भाग मानले पाहिजे. आतल्या चौकात उभे राहिल्यास भिंतींना लागून जाणारे लाकडी सज्जे दिसतात. एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची वाट त्यांवरूनच आहे.

अनेक प्रवासी किल्ला पाहून लगेच परततात. त्यामुळे शहराचे दुसरे वैशिष्ट्य, म्हणजे कराईम समाज, त्यांच्या नजरेतून निसटते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस व्हिताउतासने क्रिमियातून या तुर्की भाषिक लोकांना आणून येथे वसवले. हिब्रू बायबल हा त्यांचा धर्मग्रंथ असून तालमूद या ज्यू धर्मगुरूंच्या परंपरेतील ग्रंथाचे प्रामाण्य ते मानत नाहीत. त्यांच्या प्रार्थनामंदिरास केनेसा म्हणतात. १४४१ मध्ये त्यांना स्वशासनाचे हक्क मिळाले. त्यांची भाषा बोलणारे आता अगदी थोडे उरले आहेत. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरील रंगीत लाकडी घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि तिला तीन खिडक्या असतात : एक देवासाठी, एक घरच्यांसाठी व एक व्हिताउताससाठी, असे परंपरेने सांगितले जाते. चिरलेले मटण व कांद्याचे सारण भरून भट्टीत भाजलेला किबिनास हा त्यांचा पदार्थ आकाराने करंजीसारखा असतो आणि त्याच्या काठालाही मुरड घातलेली असते.

व्हिल्नियसहून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासात येथे पोहोचता येते. स्थानक शहराच्या दक्षिणेस असल्याने किल्ल्यापर्यंत बरेच चालावे लागते. पण वाट कराईम वस्तीतूनच जाते, म्हणून वाहन न घेता पायी जाणे इष्ट. वाटेत व्हिताउतासने स्थापन केलेले मेरीमातेचे चर्च लागते; तेथील चित्राच्या दर्शनास दुरून यात्रेकरू येतात. काठावरून लाकडी पुलाने आधी एका लहान बेटावर आणि तेथून दुसऱ्या पुलाने किल्ल्यावर जाता येते. उन्हाळ्यात सरोवरात होड्या भाड्याने मिळतात व गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते. हाताशी पूर्ण दिवस असल्यास पलीकडच्या काठावरील उझुत्राकिस हा तिश्केविच घराण्याचा प्रासाद आणि फ्रेंच उद्यानरचनाकार एदुआर आंद्रे यांनी आखलेले त्याचे उद्यानही पाहून होते.