घोडा ‘बाद’ होतो तेव्हा : केंटकी डर्बीचे दोन निकाल

अमेरिकेतील केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत पहिला येऊनही विजेतेपद गमावलेल्या घोड्यांची चर्चा निघाली की मॅक्झिमम सिक्युरिटी (२०१९) आणि मेडिना स्पिरिट (२०२१) ही दोन नावे एका दमात घेतली जातात. दोघेही बाद झाले, दोघांच्याही मालकांनी दाद मागितली, म्हणून दोन्ही प्रकरणे सारखीच असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात, ज्या नियमांनी त्यांचे भवितव्य ठरले ते नियम, आणि त्यांतून मिळणारा अपिलाचा हक्क, एकमेकांपासून फार दूर आहेत.

४ मे २०१९ रोजी डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सच्या ओल्या मैदानावर मॅक्झिमम सिक्युरिटी पावणेदोन लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याइतके अंतर) पुढे राहून पहिला आला. परंतु शेवटच्या वळणावर तो आपली रेषा सोडून बाहेर सरकला होता आणि त्यामुळे वॉर ऑफ विलसह इतर घोड्यांच्या वाटेत अडथळा आला होता. दोन जॉकींनी ऑब्जेक्शन, म्हणजे अडथळ्याची अधिकृत तक्रार, घेतले. हा शब्द महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांनाही परिचयाचा आहे. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सुमारे बावीस मिनिटे चित्रफिती तपासल्या, मॅक्झिमम सिक्युरिटीला सतराव्या क्रमांकावर ढकलले आणि दुसऱ्या आलेल्या कंट्री हाउसला विजेता घोषित केले. निकाल अधिकृत होण्यापूर्वीच हा बदल झाल्यामुळे पैजेचे पैसेही कंट्री हाउसवर लावणाऱ्यांनाच मिळाले.

मॅक्झिमम सिक्युरिटीचे मालक गॅरी आणि मेरी वेस्ट यांनी केंटकीच्या रेसिंग कमिशनकडे (शर्यतींवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे) अपील केले, पण ते ऐकलेच गेले नाही, कारण शर्यतीतील फाऊलबद्दल स्टुअर्डांनी घेतलेला निर्णय अंतिम असतो व त्यावर अपील होत नाही, असे तिथल्या नियमांत स्पष्ट लिहिलेले होते. मग वेस्ट दांपत्य फेडरल न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

इथे एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. त्याच वळणावरच्या त्याच घटनेसाठी मॅक्झिमम सिक्युरिटीचा जॉकी लुईस सायेझ याला पंधरा दिवसांचे निलंबन झाले, आणि त्याविरुद्ध मात्र त्याने अपील दाखल केले. घोड्यांचा क्रम हा मैदानावरचा निर्णय, तर निलंबन किंवा दंड ही परवानाधारक माणसावरची कारवाई. पहिल्यावर दाद नाही, दुसऱ्यावर आहे. मला हा भेद तत्त्वतः योग्य वाटतो, कारण प्रत्येक शर्यतीचा क्रम वर्षभर न्यायालयात लोंबकळत राहिला तर रेसिंग चालणारच नाही. मात्र ज्या निर्णयावर अपील नाही त्याची कारणे अधिक सविस्तर सांगितली गेली पाहिजेत, आणि त्या दिवशी स्टुअर्डांनी एक छोटे निवेदन वाचून प्रश्न घेण्यास नकार दिला, हे मला आजही खटकते.

मेडिना स्पिरिटच्या धावण्यात कोणालाही दोष दिसला नव्हता. १ मे २०२१ च्या शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या रक्तात बीटामेथासोन हे औषध आढळले. हे औषध उपचारासाठी चालते, पण शर्यतीच्या दिवशी ते घोड्याच्या शरीरात असता कामा नये, असा केंटकीचा नियम होता. ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्या बाजूचे म्हणणे असे की ते त्वचेच्या मलमातून आले. नमुन्याचा दुसरा भाग तपासला गेला, सुनावणी झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर नऊ महिन्यांहून अधिक काळाने, घोडा बाद ठरला, दुसरा आलेला मॅन्डलून विजेता झाला, बॅफर्ट यांना नव्वद दिवसांचे निलंबन आणि ७,५०० डॉलरचा दंड झाला. घोडा तोपर्यंत हयात नव्हता. डिसेंबर २०२१ मध्येच तो मरण पावला होता. बक्षिसाची रक्कम मॅन्डलूनच्या मालकांकडे जाणार होती, पण पैज लावणाऱ्यांच्या हिशेबात काहीच फरक पडला नाही, कारण त्यांचे पैसे शर्यतीच्या दिवशीच्या अधिकृत निकालावर चुकते झाले होते.

या निर्णयावर मालक आणि ट्रेनर दोघांनाही अपील करता आले, घोडा बाद ठरवण्याविरुद्धसुद्धा. प्रयोगशाळेचा निष्कर्ष, नमुना हाताळण्याची पद्धत, औषध शरीरात गेले कसे, हे सारे पुराव्याने तपासता येण्याजोगे मुद्दे आहेत. पण अपील दाखल झाले की शिक्षा आपोआप थांबते असे नाही. त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते. बॅफर्ट यांनी ती मागितली, मिळाली नाही, आणि अपील प्रलंबित असतानाच त्यांनी एप्रिल २०२२ पासून निलंबन भोगले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी अपील मागे घेतले.

औषधाच्या वाटेने बाद झालेला डर्बीचा पहिला विजेता १९६८ चा डान्सर्स इमेज. त्याच्या मालकाने कमिशनपासून न्यायालयापर्यंत लढा दिला, मधल्या न्यायालयात तो जिंकलाही, आणि १९७२ मध्ये केंटकीच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून पहिल्या क्रमांकाचे बक्षीस दुसऱ्या आलेल्या फॉरवर्ड पासच्याच पदरात टाकले.