चॉकस्ट्रीमवरचा सप्टेंबर: ड्राय फ्लायचा दंडक आणि निम्फ

दक्षिण इंग्लंडातल्या टेस्ट आणि इचेन या चॉकस्ट्रीम, म्हणजे खडूच्या प्रदेशातल्या नद्यांचं पाणी आधी खडूच्या सच्छिद्र खडकात मुरतं आणि साधारण १० अंश सेल्सियसला झऱ्यांतून वर येतं. त्यामुळे ते सहसा नितळ असतं. ट्राउट मासा कुठे आहे, काय खातो आहे, हे काठावरून दिसतं. त्यालाही काठावरचा माणूस दिसतो. इथल्या फ्लायच्या, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याच्या, मासेमारीतले सगळे वाद या नितळपणातून निघाले.

१८७९ मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात फ्रेडरिक हॅल्फर्ड आणि जॉर्ज मॅरियट या दोन मासेमारांची ओळख झाली. १८८६ मध्ये हॅल्फर्डचं तरंगत्या फ्लाय बांधण्यावरचं पुस्तक आलं. किडे टिपायला वर येणारा मासा हेरायचा, त्याच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या बाजूला फ्लाय टाकायची, आणि ती तरंगलीच पाहिजे, हा त्याच्या ड्राय फ्लाय, म्हणजे कोरड्या फ्लायच्या, पंथाचा दंडक. नेढं असलेल्या गळांनी काम सोपं केलं: भिजलेली फ्लाय सोडून कोरडी बांधता येऊ लागली.

शरदात मात्र हा दंडक आखूड पडतो. पाण्यावर फुगवटा दिसतो, फ्लाय अचूक पडते, तरी मासा ढुंकून बघत नाही. कारण तो पृष्ठभागाखालच्या निम्फ, म्हणजे किड्यांची पाण्यातली पिल्लं, खात असतो. इचेनवर जी. ई. एम. स्क्यूजने १९१० पासून हे लिहून मांडलं. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर जाहीर वाद झाला, तेव्हा स्क्यूज ऐंशीला टेकला होता. अजूनही नदीच्या बऱ्याच पट्ट्यांवर नकली निम्फला जुलैपासूनच परवानगी असते.

कृतीत उतरवलं ते एव्हनवरचा नदीरक्षक फ्रँक सॉयरने. त्याच्या फेझंट टेल या नकली निम्फमध्ये धागाच नाही. बारीक तांब्याची तार गळावर गुंडाळून छातीपाशी उंचवटा करायचा, मग नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू तारेबरोबर पिळून चढवायचे. पायही नाहीत, पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते. माशाच्या मीटर-दोन मीटर पुढे टाकून ती त्याच्या पातळीला उतरू द्यायची आणि जवळ येताच काठीचं टोक हलकेच उचलायचं. बहुतेक जण खोलीत फसतात: पाण्यातला मासा दिसतो त्यापेक्षा खाली असतो, आणि लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक दोरीला, तेलकटपणा राहिला तर निम्फ बुडतच नाही. ओढ हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लाइनचं टोक थबकलं की काठी उचलावी.

हंगाम संपला की ट्राउट खडीत अंडी घालायच्या तयारीला लागतो, तेव्हा त्याला सोडावं आणि स्वच्छ उकरलेल्या खडीवर पाय देऊ नये. याच नद्यांतला दुसरा मासा, ग्रेलिंग, वसंतात अंडी घालतो, म्हणून शरदात तो धष्टपुष्ट असतो. ट्राउटच्या पाण्यातला उपद्रव समजून तो कमी करण्यासाठीच सॉयरने किलर बग हा नकली किडा बांधला: तारेवर चॅडविक्स ४७७ ही रफूची लोकर, बाकी काही नाही. ही लोकर भिजली की गुलाबीसर होते. तिचं उत्पादन केव्हाच थांबलं. ती गुंडाळलेली जुनी कार्डं आता शोधून, जपून वापरली जातात, तीही ग्रेलिंगसाठीच.