ट्रान्सप्लांटनंतरचा लिम्फोमा: बी-पेशींचा की टी-पेशींचा?

किडनी किंवा लिव्हर बदललेल्या माणसाच्या बायोप्सीत ‘पीटीएलडी’ (ट्रान्सप्लांटनंतर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ; लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर, हे तिचं गंभीर रूप) आला की घरचे लोक वाचायला लागतात. या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या, बी आणि टी; वाचायला मिळतं ते बहुतेक बी-पेशींच्या आजाराबद्दल. त्यातला बराचसा दिलासा टी-पेशींच्या लिम्फोमाला लागू पडत नाही, म्हणून पेशी कोणती हे आधी बघा.

शंभरातले सुमारे ८५ ते ९० पीटीएलडी बी-पेशींचे असतात. एपस्टाईन-बार विषाणू (ईबीव्ही) बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि बी-पेशींमध्ये गप्प पडून राहतो. त्याच्यावर पहारा असतो टी-पेशींचा. नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधं नेमका हाच पहारा ढिला करतात आणि बी-पेशी वाढत सुटतात. पहिल्या वर्षात हा धोका मोठा असतो. ट्रान्सप्लांट सर्जन डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या गटानं १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की ही औषधं कमी केली तर काही रुग्णांच्या गाठी विरघळतात. आजही सुरुवात तिथूनच होते. मात्र डोस डॉक्टरांनीच कमी करायचा. घरी गोळ्या बंद केल्या तर मिळालेली किडनी जाऊ शकते. पुढचं औषध रिटुक्सिमॅब. ते बी-पेशीवरचं सीडी२० नावाचं प्रथिन पकडतं.

टी-पेशींच्या प्रकारात सहसा सीडी२० नसतंच, त्यामुळे रिटुक्सिमॅबचा उपयोग होत नाही. नुसती औषधं कमी करूनही क्वचितच भागतं; केमोथेरपी लवकर सुरू करावी लागते. हा आजार बहुधा ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षांनी उद्भवतो, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठीत ईबीव्ही सापडत नाही. ‘ईबीव्ही निगेटिव्ह आहे, म्हणजे लिम्फोमा नाही’ असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं.

यातला सगळ्यात फसवा प्रकार हेपॅटोस्प्लेनिक टी-सेल लिम्फोमा. तो विशेषतः तरुण पुरुषांत दिसतो. मानेत, काखेत गाठ नाही. ताप येतो-जातो, प्लीहा वाढत जाते, प्लेटलेट घसरतात. आपल्याकडे अशा वेळी मलेरिया, टीबी किंवा गोळ्यांचा दुष्परिणाम यांचा संशय आधी येतो, आणि तो रास्तच आहे, कारण ती कारणं कितीतरी जास्त आढळतात. पण तपासण्या निगेटिव्ह आल्या, उपचार होऊनही ताप हटला नाही आणि सोनोग्राफीत प्लीहा आणखी मोठी दिसली, तर बोन मॅरो बायोप्सीला उशीर करू नये. मॅरोतल्या बारीक रक्तपोकळ्यांमध्ये या पेशी दाटून बसलेल्या असतात. मायक्रोस्कोपखाली साध्या रंगात नजरेतून सुटतात, सीडी३चा (टी-पेशींची खूण असलेल्या प्रथिनाचा) रंग दिला की उठून दिसतात. क्रोमोसोम तपासणीत अनेकदा ७ क्रमांकाच्या क्रोमोसोममधला ठरावीक बिघाड सापडतो. लिम्फोमावरच्या नेहमीच्या ‘चॉप’ (सीएचओपी, चार औषधांची) केमोनं आलेला आराम यात फार टिकत नाही. झेपत असेल तर जास्त तीव्र केमो आणि नंतर दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण यांचा विचार करतात.

रिपोर्ट हातात आला की सीडी२० आणि सीडी३ यांपुढे काय लिहिलंय ते वाचा. टी-पेशींचा आजार निघाला, तर सीडी३० (पेशीवरचं आणखी एक प्रथिन) तपासलंय का हेही डॉक्टरांना विचारा. ते पॉझिटिव्ह असेल तर ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधाचा आणखी एक पर्याय उरतो.